आधी थांबली पाहिजे, मग धावली पाहिजे

चंद्रपूरचे महाऔष्णिक विद्युत केंद्र आणि शंभर सीसीची मोटारसायकल या भागात जवळपास एकाच वेळी आली. दुर्गापूरजवळच्या केंद्राचा २१० मेगावॅटचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. पुढच्या वर्षी इंड-सुझुकीची एएक्स १०० बाजारात आली. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आणि एस्कॉर्ट्सची यामाहा आरएक्स १०० आली, तर १९८६ मध्ये आपल्या बजाजची कावासाकी केबी १००. त्याआधी मोटारसायकल म्हणजे राजदूत, येझदी नाहीतर बुलेट. केंद्राची वसाहत म्हणजे ऊर्जानगर. राज्यभरातून फिटर, वेल्डर, ऑपरेटर, इंजिनिअर इथे राहायला आले. पाळीची नोकरी, रात्रीअपरात्री जाणे-येणे, चंद्रपूरचा बाजार काही किलोमीटरवर. अशा माणसाच्या संसारात मोटारसायकल ही पहिली मोठी खरेदी असे.

ती पिढी आता निवृत्त झाली आहे. निवृत्तीनंतर क्वार्टर रिकामे करावे लागते, आणि सामानाची बांधाबांध सुरू झाली की जिन्याखाली पोत्याने झाकलेल्या जुन्या गाडीचा प्रश्न उभा राहतो. भंगारवाला किलोच्या भावाने मागतो. मुलगा म्हणतो, ठेवू या, दुरुस्त करू. गॅरेजवाला नुसते बघून असा आकडा सांगतो, की त्यात चालती सेकंडहँड गाडी येईल.

हे प्रकरण त्या मुलासाठी आहे. हातात पैसे मोजकेच आहेत, गाडीवर जीव आहे आणि काम शिकायची तयारी आहे, असे गृहीत धरले आहे. माझे सांगणे एकच आहे. पैसा कमी असेल तर कामाचा क्रम चुकवू नका. अर्धवट सोडलेल्या बहुतेक गाड्या पैशाअभावी अडत नाहीत. पैसा चुकीच्या जागी आधी खर्च झालेला असतो. टाकीला नवा रंग, हँडलला नवे ग्रिप, सीटला नवे कव्हर असते आणि ब्रेक गंजलेले असतात. खरा क्रम असा: कागद, तपासणी, इंधन, ब्रेक आणि टायर, वायरिंग, मग इंजिन आणि सगळ्यांत शेवटी रंग.

कागद आधी

पाना हातात घेण्याआधी आरसी बुक हातात घ्या. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. महाराष्ट्रात नुसत्या वयावरून खासगी मोटारसायकल बाद होत नाही, हा मोठा दिलासा आहे. मात्र पंधरा वर्षांवरच्या गाडीला पर्यावरण कर लागतो, नूतनीकरणाचे शुल्क लागते आणि जुन्या गाडीलाही आता एचएसआरपी नंबरप्लेट बसवावी लागते. थर्ड पार्टी विमा आणि पीयूसी तर आहेतच.

खरी मेख विलंबशुल्कात आहे. नोंदणीची मुदत संपल्यावर ते दरमहा चढत जाते. गाडी दहा वर्षे पडून असेल तर हा आकडा गाडीच्या किमतीच्या पुढे जाऊ शकतो. म्हणून चंद्रपूरच्या आरटीओत जाऊन या एका गाडीचा हिशोब आधी विचारा आणि कागदावर लिहून घ्या. मालक हयात नसेल तर वारसाच्या नावावर गाडी करण्यासाठी फॉर्म ३१ लागतो. साध्या हस्तांतराला फॉर्म २९ आणि ३० लागतात. राजुरा, सिरोंचाच्या बाजूला शेजारच्या राज्यातल्या जुन्या नंबरच्या गाड्या स्वस्तात दिसतात. त्यांना तिकडच्या कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. ते मिळणार नसेल तर फुकट मिळालेली गाडीही महाग पडते.

चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहा. चेसिस नंबर सहसा हँडलच्या खाली, फ्रेमच्या मानेवर कोरलेला असतो. त्यावर राखेचे आणि ग्रीसचे किटण बसलेले असते. रॉकेलच्या चिंधीने पुसा, वर पातळ कागद धरा आणि पेन्सिल आडवी घासा, म्हणजे आकडे उमटतात. एखादाही आकडा जुळला नाही तर तिथेच थांबा.

या हवेने गाडीचे काय केले

पडून असलेली गाडी सगळीकडे सारखी खराब होत नाही. पुण्यातली वेगळी, कोकणातली वेगळी आणि ऊर्जानगरातली वेगळी. इथे तीन गोष्टी गाडीवर काम करतात.

पहिली राख आणि कोळशाची धूळ. आपल्या दगडी कोळशात राखेचे प्रमाण मोठे, आणि या राखेत मुख्यतः सिलिका व ॲल्युमिना असते. सिलिकाचा क्वार्ट्‌झ हा साध्या पोलादापेक्षा कठीण असतो. एअर फिल्टर फाटका असेल तर ही बारीक पूड थेट सिलिंडरमध्ये जाते आणि पिस्टन-रिंगा पॉलिश पेपरने घासल्यासारख्या झिजतात. चेन, व्हील बेअरिंग, केबल यांतही ती ग्रीसमध्ये मिसळून बसते. म्हणून इथल्या गाडीत जुन्या ग्रीसवर नवे ग्रीस कधीही भरू नये. आधी सगळे धुऊन काढावे.

दुसरी उष्णता. उन्हाळ्यात पारा ४७-४८ अंशांपर्यंत जाणाऱ्या या जिल्ह्यात रबर टिकत नाही. ऑइल सील कडक होतात, पेट्रोलचा पाइप तडकतो, वायरींचे आवरण नखाने दाबले तरी सुटते. टायर फारसा झिजलेला नसला तरी त्याच्या बाजूला बारीक भेगा पडलेल्या असतात.

तिसरा पाऊस. वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि चार महिने दमट हवा. टाकी अर्धी रिकामी असेल तर वरच्या मोकळ्या भागात गंज धरतो. रिमच्या आत, मडगार्डच्या वळणात, सायलेन्सरच्या तळाशी पाणी साठून पत्रा आतून गंजतो.

म्हणून तपासणीत आधी एअर फिल्टर उघडा, टाकीत टॉर्च मारा आणि रबराचा प्रत्येक भाग बोटाने वाकवून पाहा. जे दिसेल ते वहीत लिहा. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवून वर चिठ्ठी लावा. वीज केंद्रातल्या संचाचे वार्षिक ओव्हरहॉल करणारे फिटर हेच करतात. आधी नोंद, मग खोलणे, मग मोजमाप आणि शेवटी बदल. ऊर्जानगरात ही शिस्त घरोघरी माहीत आहे. ती मोटारसायकलला लावली तर निम्मे पैसे वाचतात.

कोणती गाडी परवडते

भावना बाजूला ठेवून पाहिले, तर कमी पैशांत उभी करायला हिरो होंडाचे जुने शंभर सीसीचे इंजिन सर्वांत सोयीचे. सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर, पिस्टनची चाल ४९.५ मिलिमीटर, क्षमता ९७.२ सीसी. हीच रचना पुढे स्प्लेंडरमध्ये चालत राहिली. त्यामुळे पिस्टन, रिंगा, क्लच प्लेट, कार्बोरेटरचे भाग कोणत्याही तालुक्याच्या दुकानात मिळतात. गडचिरोलीच्या आतल्या गावांतही या इंजिनाचा मिस्त्री भेटतो.

राजदूत, येझदी आणि आरएक्स १०० टू-स्ट्रोक. खोलायला त्या सोप्या, कारण व्हॉल्व्हची भानगड नाही. पण त्यांचा जीव क्रँकच्या दोन्ही बाजूंच्या ऑइल सीलमध्ये असतो. सील कडक झाले की क्रँककेसमध्ये बाहेरची हवा शिरते, पेट्रोलचे मिश्रण पातळ होते, पिस्टन तापतो आणि जाम होतो. वर्षानुवर्षे उभी असलेली टू-स्ट्रोक गाडी सुरू झाली म्हणून लगेच पळवू नका. सील बदलल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवू नये. येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. तिचे भाग आजही मिळतात, पण शोधावे लागतात. पुण्याच्या जुन्या बाजारात चक्कर मारावी लागते, नागपुरात ओळखी काढाव्या लागतात, दोन-चार जुन्या मालकांशी दोस्ती करावी लागते. वेळ असेल तरच हा मार्ग धरा.

जाम इंजिन सोडवताना

किक खाली जात नाही, म्हणजे इंजिन संपले असे नाही. बहुतेक वेळा रिंगा गंजून सिलिंडरला चिकटलेल्या असतात. अशा वेळी किकवर उभे राहून उड्या मारणे हा सर्वांत महागडा उपाय. त्यात किकचे दाते तुटतात किंवा रिंग मोडून सिलिंडरला ओरखडा पडतो.

प्लग काढा. भोकातून दोन-तीन मोठे चमचे डिझेल आणि इंजिन ऑइलचे निम्मे-निम्मे मिश्रण ओता आणि गाडीला काही दिवस हात लावू नका. मग गाडी डबल स्टँडवर घ्या, टॉप गिअर टाका आणि मागचे चाक दोन्ही हातांनी धरून हलकेच मागे-पुढे डोलवा. जोर एका दिशेने लावायचा नाही. सुरुवातीला चाक चेनच्या ढिलाईइतकेच हलेल. पुन्हा मिश्रण टाका, पुन्हा वाट पाहा. ज्या दिवशी त्या ढिलाईपलीकडे ते बोटभर सरकेल, त्या दिवशी पिस्टन सुटला असे समजा. आता प्लग न लावताच चाक पूर्ण फिरवा. आतले तेल भोकातून उडते, म्हणून त्यावर चिंधी धरा.

फोर-स्ट्रोकचे जुने ऑइल काढताना ते पांढऱ्या भांड्यात काढा आणि उजेडात न्या. दुधाळ असेल तर आत पाणी गेले आहे. चमचमते कण दिसले तर बेअरिंग किंवा गिअर झिजले आहेत. काळे पण एकसारखे असेल तर फक्त जुने झाले आहे. या एका भांड्याने इंजिन खोलायचे की नाही, याचा निम्मा निकाल लागतो.

उरलेला निम्मा निकाल कॉम्प्रेशनचा. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून दुसऱ्याला किक मारायला सांगा. अंगठा जोराने उडाला पाहिजे. तसा उडत नसेल तर भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा पाहा. आता जोर वाढला तर दोष रिंगांत किंवा सिलिंडरमध्ये आहे, कारण ऑइलने ती फट तात्पुरती बुजवली. जोर तेवढाच राहिला तर फोर-स्ट्रोकमध्ये बहुधा व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. गॅरेजचा मोठा खर्च टाळणारी ही परीक्षा चमचाभर तेलात होते.

टाकी, पेट्रोल आणि जेट

जुन्या टाकीला आज एक नवे संकट आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतली ओल शोषते. गाडी पावसाळाभर उभी राहिली तर ते पाणी घेऊन तळाशी बसते आणि टाकी आतून गंजते. जुन्या काळचे रबर या मिश्रणासाठी बनलेले नव्हते. ते फुगते, चिकट होते. म्हणून पेट्रोल पाइप, कार्बोरेटरच्या ओ-रिंगा आणि निडल व्हॉल्व्ह नवे घ्या. हे भाग स्वस्त आहेत, तिथे काटकसर नको.

गंजलेल्या टाकीसाठी बाजारातले महाग रसायन लागत नाही. किराणा दुकानातले लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिटरभर कोमट पाण्याला ५० ते १०० ग्रॅम घ्या. टाकी आधी उरलेले पेट्रोल काढून साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा धुवा. मग हे द्रावण काठोकाठ भरून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी ओतून खायच्या सोड्याच्या पाण्याने विसळा, म्हणजे आम्ल मरते. लगेच उन्हात वाळवा आणि आतून थोडे ऑइल फिरवा. या शेवटच्या पायरीला उशीर झाला तर तासाभरात पुन्हा तांबूस गंज चढतो.

कार्बोरेटरमध्ये सगळी गंमत स्लो जेटची. आयडलिंगला पेट्रोल देणारे हे पितळेचे छोटे नळकांडे. त्याचे भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते. वाळलेल्या पेट्रोलचा पिवळा डिंक त्यात बसतो आणि गाडी चोक दिल्यावरच चालते, चोक काढला की बंद. जेट काढून उजेडाकडे धरा. पलीकडे गोल, स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे. दिसला नाही तर कार्ब क्लीनरमध्ये भिजवा, हवेच्या दाबाने फुंका आणि तरीही अडले तर लवचीक तांब्याच्या वायरीची एकच तार घाला. टाचणी किंवा पोलादी तार घातली की भोक मोठे होते. मग गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते आणि प्लग काळा होतो.

महिनाभर गाडी उभी ठेवायची असेल तर कार्बोरेटरचा ड्रेन स्क्रू सोडून बाउल रिकामा करा. ही सवय लावून घेतली तर पुन्हा जेट काढायची वेळ सहसा येत नाही.

पैसे इथे घाला

ब्रेक, टायर, चेन आणि केबल या चार गोष्टींत जुने माल-मटेरियल वापरू नका. टायर विकत घेताना बाजूचा चार आकडी शिक्का वाचा. २३२४ असे असेल तर तो २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. दुकानात स्वस्त म्हणून दिलेला टायर कधी कधी आधीच पाच-सहा वर्षांचा असतो.

ब्रेक ड्रम उघडल्यावर आतली पूड फुंकू नका, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या चिंधीने पुसा. लायनरला तेल लागले असेल तर ते पेट्रोलने धुऊन पुन्हा वापरण्याचा मोह टाळा. ब्रेक कॅम काढून साफ करा आणि त्याला अगदी थोडे ग्रीस लावा. ब्रेक लागल्यावर सुटत नाही, ही तक्रार बहुधा इथूनच येते.

वायरिंगला मल्टिमीटर लागतो. तो साधा असला तरी चालेल. राजदूत, येझदीसारख्या अनेक जुन्या गाड्या ६ व्होल्टच्या आहेत, म्हणून बॅटरी घेण्याआधी खात्री करा. हिरवट झालेले कनेक्टर घासा. फ्रेमवरचा अर्थिंगचा बोल्ट रंग खरवडून उघड्या लोखंडाला जोडा. दिवा मंद, हॉर्न घोगरा, इंडिकेटर अनियमित या तिन्ही तक्रारी अनेकदा या एका बोल्टने मिटतात.

समजा एकूण वीस हजार आहेत. मी त्यांची वाटणी अशी करीन: कागद, कर, विम्यासाठी सहा हजार; थांबण्याच्या आणि चालण्याच्या भागांसाठी सहा हजार; वीज आणि बॅटरीसाठी दोन हजार; इंजिनासाठी चार हजार; आणि दोन हजार कोणत्याही कारणाने हात न लावता शिल्लक. रंगाच्या नावाने काहीच नाही. गाडीप्रमाणे आकडे बदलतील. शिल्लक मात्र असलीच पाहिजे, कारण जुन्या गाडीत एक तरी दोष शेवटी निघतोच.

इंजिन खोलायचेच असेल तर

वरच्या परीक्षांत इंजिन नापास झाले तरच हेड उतरवा. सिलिंडर बाहेर काढल्यावर वरची रिंग सुटी करून सिलिंडरमध्ये घाला, पिस्टनने ढकलून सरळ करा आणि रिंगच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने मोजा. नव्या इंजिनात ती साधारण ०.१५ ते ०.३५ मिलिमीटर असते. अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे गेली तर झीज झाली आहे. सिलिंडर ठीक असेल आणि फक्त रिंगा गेल्या असतील तर रिंगांच्या संचावर भागते.

सिलिंडरच झिजला असेल तर बोअरिंग करावे लागते. ओव्हरसाइज पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १ मिलिमीटर अशा टप्प्यांत येतात. इथे एक नियम लक्षात ठेवा. आधी पिस्टन विकत घ्या, तो लेथवाल्याच्या हातात द्या आणि त्याच्या मापाने बोअर कापून घ्या. बोअर आधी कापला आणि त्या मापाचा पिस्टन मिळाला नाही, तर सिलिंडर वाया जातो. सर्वांत लहान माप पुरत असेल तर तेच निवडा, म्हणजे पुढच्या खेपेसाठी लोखंड शिल्लक राहते.

या कामात ऊर्जानगरच्या माणसाला एक मोठा आधार आहे. आसपास आयटीआयमधून शिकलेले टर्नर, फिटर, वेल्डर आहेत, वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) कोळसा खाणींतले मिस्त्री आहेत, निवृत्त झालेले कुशल कामगार आहेत. आटे गेलेला बोल्ट, तुटलेला ब्रॅकेट, वाकलेला स्टँड, गंजून भोक पडलेला मडगार्ड यांसाठी नवा भाग घेण्याआधी अशा हाताकडे जा. त्यांच्या कामाचे पैसे मात्र नीट द्या. शेजारी आहेत म्हणून फुकट मागू नका.

चाचणी कुठे घ्यायची

गाडी सुरू झाली की ताडोब्याकडे निघायचा मोह होतो. दुर्गापूर, पद्मापूरवरून मोहर्लीकडे जाणारा रस्ता सुंदर आहे, पण तो व्याघ्र प्रकल्पाच्या बफर भागातून जातो. संध्याकाळी रानडुकरे, चितळ रस्त्यावर येतात. बिबट्या आणि वाघ तर वीज केंद्राच्या परिसरातही येऊन गेले आहेत. पहिल्या फेरीत बंद पडू शकणारी गाडी त्या रस्त्यावर नेणे चूक आहे.

विमा आणि नोंदणी चालू झाल्यावर पहिली फेरी वसाहतीच्या रस्त्यांवर, हेल्मेट घालून, सकाळी घ्या. दहा किलोमीटरनंतर प्रत्येक नट पुन्हा आवळा आणि चेनचा ताण पाहा. मग दुर्गापूर ते चंद्रपूर अशा फेऱ्या करा. बोअरिंग केले असेल तर पहिले ५०० किलोमीटर गाडी जास्त वेगाने पळवू नका, चढावर गुरगुरू देऊ नका आणि फोर-स्ट्रोक असेल तर ऑइल लवकर बदला. प्लग काढून पाहत राहा. टोक विटकरी रंगाचे असेल तर इंजिन ठीक आहे. काळे, काजळीचे असेल तर पेट्रोल जास्त जाते. पांढरट असेल तर मिश्रण पातळ आहे, आणि टू-स्ट्रोकला ते घातक आहे.

हे सगळे पार पडून गाडी एक पावसाळा नीट चालली, तरच रंगाकडे वळा. तोवर गंजाच्या जागा घासून रेड ऑक्साइड मारून ठेवा. जुन्या टाकीवरचे मूळ स्टिकर शाबूत असतील तर ते रंगाखाली घालवू नका.

जिन्याखालची गाडी पुन्हा चालू करावी की नाही, याचा निर्णय आरटीओच्या हिशोबावर, भांड्यातल्या ऑइलवर आणि अंगठ्याखालच्या कॉम्प्रेशनवर करा. तिन्ही उत्तरे वाईट असतील तर ती नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या, रीतसर प्रमाणपत्र घ्या आणि आरटीओतली नोंदणी रद्द करून घ्या. त्यात कमीपणा नाही. दोन उत्तरे जरी चांगली असली तरी गाडी वाचते, आणि ती भंगारात जाऊ देऊ नका. फक्त कामाला हात घालताना पहिली खरेदी ब्रेक लायनरची करा.